मुंबईची जुनी कॅथलिक चर्चे: इमारत हलली, तरी गाव कसे राहिले?

वैनगंगाकाठ | १० डिसेंबर, रात्री ८:४०

सर्वांना नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील धानाच्या पट्ट्यात राहतो. आमच्या भागातून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी मंडळी दादरला उतरतात आणि शिवाजी पार्ककडे चालू लागतात. त्या गर्दीत माणूस चुकू नये म्हणून काही खुणा ठरलेल्या असतात. "हरवलास तर पोर्तुगीज चर्चपाशी थांब," असे वडिलांनी मला पहिल्या वर्षी बजावले होते, आणि तेव्हापासून ते नाव माझ्या मनात खुणेच्या दगडासारखे रुतून बसले आहे. परंतु इतकी वर्षे त्या चर्चकडे मी कधी मान वर करून नीट पाहिले नव्हते.

यंदा आमच्या सोबतचे एक आजोबा दमले म्हणून आम्ही त्याच कोपऱ्यावर तासभर बसलो. पोर्तुगीज म्हटल्यावर जाड भिंती, कमानी आणि घंटेचे मनोरे दिसतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात समोर काँक्रीटची, वर निमुळती होत जाणारी छपरे होती आणि त्यांच्या मधे मोकळी अंगणे सोडलेली होती. हे चर्च चारशे वर्षांचे कसे असेल, हा प्रश्न घेऊनच मी परतलो आणि गेले चार दिवस मिळेल ते वाचत आहे.

झाले आहे ते असे. साल्व्हेशन चर्च या नावाने नोंदले गेलेले हे चर्च फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १५९६ मध्ये स्थापन केले. परंतु आज आपल्याला दिसते ती वास्तू चार्ल्स कोरिया यांनी आखलेली असून ती १९७० च्या दशकात उभी राहिली आहे. उंच निमुळत्या छपरांतून गरम हवा वर निघून जावी आणि अंगणांतून वारा खेळावा, असा तिचा विचार आहे. म्हणजे चर्च चारशे वर्षांचे हेही खरे आणि इमारत पन्नास वर्षांची हेही खरे.

मग मी इतर जुन्या चर्चांची माहिती पाहिली आणि तोच प्रकार वारंवार आढळू लागला. माहीमचे सेंट मायकल चर्च मुंबईतील सर्वांत जुन्या चर्चांपैकी एक असून त्याचा आरंभ १५३४ पर्यंत मागे नेला जातो. आजची इमारत मात्र १९७३ ची आहे. माझगावचे ग्लोरिया चर्च १६३२ मध्ये डिसोझा घराण्याच्या जागेवर उभे राहिले, १९११ मध्ये ते पाडण्यात आले आणि त्याच नावाचे नवे चर्च भायखळ्याला बांधण्यात आले. एस्पेरान्सा, म्हणजे आशामातेचे चर्च, कोटासमोरच्या मैदानात होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांच्या हल्ल्याची धास्ती होती, कोटाच्या तोफांसमोर मैदान मोकळे हवे होते, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने ते हटवले आणि ते भुलेश्वर-कव्हेलच्या वस्तीत गेले. जुन्या जागेजवळचा एक क्रूस तेवढा मागे राहिला, आणि क्रॉस मैदान हे नाव त्या क्रुसावरूनच पडले आहे.

हे सारे वाचताना मला माझे गाव आठवत राहिले, म्हणून हा धागा उघडला आहे. आमचे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. नवीन गावठाणात यायच्या आधी आम्ही मारुती हलवला, तेव्हा मी बारावीत होतो. सब्बल लावून दगड उचलताच शेंदराचे जाड कवच तडकले आणि त्याचे तुकडे खाली पडले. आत काळा, जवळजवळ बिनआकाराचा दगड होता. एका म्हाताऱ्या बाईने ते तुकडे वेचून लुगड्याच्या पदरात बांधून घेतले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणीस अंथरून दगड आडवा ठेवला गेला आणि आम्ही सारे मागून पायी निघालो. नवीन पारावर दगड बसवला तेव्हा पदरातले तुकडे त्याच्या खाली पुरले. आजही आम्ही त्याला "जुन्या गावचा मारुती" म्हणतो, जरी पार, मंदिर, पिंपळ सारे नवे असले तरी.

माझा प्रश्न असा आहे: मुंबईतील या चर्चांच्या बाबतीत एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत काय जाते? जागा बदलली, दगड बदलले, तरी चर्च तेच आहे असे तेथील लोक कशाच्या आधारावर म्हणतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

---

कामठीकर | १० डिसेंबर, रात्री १०:५५

भाऊ, तुम्ही फार चांगला विषय काढला आहे. मी कामठीजवळच्या खेड्यात राहतो, शिक्षण कॅथलिक शाळेत झाले आणि या इतिहासाचे वाचन मी बरीच वर्षे करत आलो आहे. तुमच्या प्रश्नाच्या उत्तराआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कॅथलिक व्यवस्थेत चर्च ही वास्तू वेगळी आणि पॅरिश वेगळी. पॅरिश म्हणजे ठरावीक हद्दीतील श्रद्धावंतांचा समुदाय, ज्याच्यासाठी एक धर्मगुरू नेमलेला असतो आणि ज्याच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी एका ठिकाणी ठेवलेल्या असतात. मराठी कॅथलिक लोक तिला धर्मग्राम म्हणतात. हा शब्दच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो.

परंतु मुंबईच्या इतिहासात "ठरावीक हद्द" हीच गोष्ट दोन शतकांहून अधिक काळ वादग्रस्त होती, आणि हा भाग समजल्याशिवाय माहीम, दादर, माझगाव ही नावे नुसती यादी होऊन राहतात.

पोर्तुगालच्या राजाला पोपकडून एक अधिकार मिळालेला होता, त्याला पाद्रोआदो म्हणतात. पूर्वेकडच्या प्रदेशात धर्मगुरू पाठवण्याचा, चर्चे बांधून चालवण्याचा खर्च राजाने करायचा आणि त्या बदल्यात बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क त्याच्याकडे राहायचा, असा तो व्यवहार होता. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली तेव्हा मुंबईही त्यात आली आणि अर्थातच गोव्याच्या धार्मिक सत्तेखाली गेली. पुढे १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसाराचे काम थेट आपल्या हाती घेण्यासाठी प्रोपागांडा नावाची यंत्रणा उभी केली. एकाच भूमीवर दोन अधिकार निर्माण होण्याचे मूळ येथे आहे.

दरम्यान इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या १६६१ च्या विवाह-करारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून मिळाले, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला आणि १६६८ मध्ये राजाने ते कंपनीला दिले. राज्य इंग्रजांचे आणि चर्चमध्ये पोर्तुगीज धर्मगुरू, ही स्थिती कंपनीला खटकत राहिली. त्यांची निष्ठा पोर्तुगालच्या राजाशी आहे या संशयावरून १७२० मध्ये कंपनी सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर घालवले आणि चर्चे रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवली. १७८९ मध्ये तीच चर्चे पुन्हा गोव्याकडे, म्हणजे पाद्रोआदोच्या बाजूला, देण्यात आली, त्यावर तक्रारी झाल्या आणि १७९१ पासून वाटणीचा मार्ग निघाला. त्या वाटणीत माहीम आणि एस्पेरान्सा कार्मेलाइटांकडे, तर दादर आणि माझगाव गोव्याकडे गेले.

म्हणजे ज्या चार चर्चांची नावे तुम्ही घेतली, तीच चार चर्चे दोन वाटेकऱ्यांत विभागली गेली होती. आपल्या गावात भावकीचे वाद होतात, विहिरीचा अर्धा हिस्सा इकडे आणि अर्धा तिकडे होतो, तसे हे घडले. मात्र येथे वाटले गेले ते लोक. एकाच गल्लीतील दोन शेजारी दोन वेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली असत, कारण हद्द जमिनीवरून न ठरता कोण कोणत्या परंपरेतला यावरून ठरत असे.

या वादाचा सर्वांत तीव्र क्षण माहीमला आला. १८५३ मध्ये तेथील लोकांचा एक मोठा गट पाद्रोआदोकडे जाऊ पाहत होता आणि रोमने नेमलेले स्विस कॅप्युचिन बिशप अनास्तासियुस हार्टमन चर्च सोडायला तयार नव्हते. ते चर्चमध्ये दारे लावून कित्येक दिवस बसून राहिले. अखेरीस चर्च पाद्रोआदोच्या बाजूला गेले. ज्यांनी १८५० मध्ये इंग्रजी कॅथलिक साप्ताहिक सुरू केले, जे आजही मुंबईतून निघते, तेच हे बिशप, एका गावच्या चर्चसाठी अन्नपाण्याची पर्वा न करता आत बसून राहिले. मला या प्रसंगात कोणाचीच बाजू हलकी वाटत नाही. बिशपांना अधिकार राखायचा होता आणि माहीमच्या लोकांना आपल्या चर्चचा निर्णय आपण घ्यायचा होता.

१८८६ मध्ये मुंबईचा महाधर्मप्रांत स्थापन झाला, तरी दुहेरी अधिकार चालूच राहिला. तो संपला १९२८ मध्ये, रोम आणि पोर्तुगाल यांच्यातील कराराने. आणि त्यातही मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा अशी तडजोड होती. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल ठरले.

तेव्हा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत काय जाते, याचे माझे उत्तर असे आहे की लोक जातात आणि त्यांच्यासोबत नोंदवह्या जातात. धर्मगुरू कोणाचा, बिशप कोणाचा, हे चार वेळा बदलले. पण माहीमच्या माणसाचा बाप्तिस्मा माहीमलाच होत राहिला.

---

चांदागड | ११ डिसेंबर, सकाळी ७:१०

कामठीकर सर, फार उत्तम माहिती. एक शंका आहे. मुंबईत गेलो की फोर्टमधील सेंट थॉमस कथीड्रल आणि कुलाब्याचे अफगाण चर्च आवर्जून दाखवले जाते. ती या इतिहासात कोठे बसतात?

---

कामठीकर | ११ डिसेंबर, सकाळी ८:०२

ती या इतिहासात बसत नाहीत, आणि हा घोळ बहुतेकांचा होतो. सेंट थॉमस कथीड्रल १७१८ मध्ये इंग्रजांच्या उपासनेसाठी खुले झाले, ते अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेचे आहे; चर्चगेट हे नाव त्याच्यावरून आले. अफगाण चर्चही अँग्लिकनच. मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपांचे कथीड्रल कुलाब्याला, होली नेम या नावाचे आहे आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले. आपल्या नागपुरातही असेच आहे. सदर भागातील ऑल सेंट्स कथीड्रल अँग्लिकन परंपरेतील असून आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. कॅथलिकांचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कथीड्रल वेगळे. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप हेही स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनरी होते.

---

वसईची_लेक | ११ डिसेंबर, दुपारी ३:३०

नमस्कार. माझे माहेर वसईचे, आणि गेली सव्वीस वर्षे मी गडचिरोली जिल्ह्यातील एका खेड्यात परिचारिका म्हणून काम करत आहे. या विषयावर विदर्भातील माणसे इतक्या आस्थेने बोलत आहेत हे पाहून मन भरून आले.

वैनगंगाकाठ दादा, तुमच्या मारुतीची गोष्ट मी दोनदा वाचली. आमच्याकडे जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात. माझी आजी "देवळात जाते" म्हणायची आणि तिच्या बोलण्यात चर्च हा शब्द क्वचितच यायचा. मुंबई परिसरातील वांद्रे, मरोळ, गोराई, उत्तन या भागांतील ईस्ट इंडियन लोकही मूळचे येथलेच. कोळी, शेतकरी, कारागीर. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी गोव्याहून आलेल्या कॅथलिकांपासून आपली ओळख वेगळी सांगण्यासाठी ईस्ट इंडियन हे नाव घेतले. त्यांची घरातली बोली मराठीच आहे. म्हणून मुंबईतील जुने धर्मग्राम पाहायचे असतील तर गावठाणे आणि पाखाड्या, म्हणजे जुन्या छोट्या वस्त्या, पाहाव्या लागतात. नकाशावर आज जे उपनगर दिसते ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भातशेती, मिठागरे आणि मधे एक चर्च असलेले गाव होते.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण मरोळचे आहे. तेथे सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. १८४० मध्ये गावात साथ आली, लोकांनी ती वस्ती सोडली आणि मरोळ गावात नवीन चर्चभोवती ते पुन्हा वसले. जुने चर्च छप्पर कोसळून, भिंतींवर वड-पिंपळ चढून तसेच उभे राहिले. १९७० च्या दशकात त्याच्या चहूबाजूंनी सीप्झची निर्यात वसाहत आली, आणि आता संगणकाच्या कंपन्या व दागिन्यांचे कारखाने यांच्या मधोमध ते भग्न चर्च आहे. एरवी कुंपणाच्या आत असल्याने तेथे सहज जाता येत नाही, परंतु वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या पडक्या भिंतींच्या आत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, होते आणि मरोळची माणसे नटूनथटून तेथे जमतात.

मी लग्नाआधी एकदा मावशीसोबत गेले होते. वर छप्पर नाही, म्हणून वेदीवर मांडव घातला होता. भिंतीच्या एका भेगेतून पिंपळाचे मूळ खाली उतरले होते, ते माझ्या मनगटाएवढे जाड होते, आणि त्या मुळाला टेकूनच एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. मिस्सा संपल्यावर म्हाताऱ्या माणसांनी भिंतीला हात लावून तो हात ओठांना लावला. ज्या वास्तूत त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीच्या पिढीने शेवटची मिस्सा ऐकली होती, तिला ते "आपले चर्च" म्हणत होते, जरी त्यांचे दर रविवारचे चर्च दुसरे असले तरी.

कामठीकर सरांनी नोंदवह्यांचा उल्लेख केला तो अगदी बरोबर आहे. त्यासोबत आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे सण. ज्या संताच्या नावाने पहिले चर्च होते त्याचाच सण नव्या जागी होतो, आणि त्या सणाच्या दिवशी बाहेरगावी गेलेली माणसे परततात. माझगावहून भायखळ्याला गेलेले चर्च ग्लोरियाच राहिले ते नाव आणि सण सोबत नेल्यामुळे. १८९६ च्या प्लेगच्या वेळी वांद्र्यात आणि गिरगावच्या खोताची वाडीसारख्या वस्त्यांत लोकांनी चौकाचौकांत क्रूस उभारले; आजही त्यांच्यासमोर शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात. चर्च दूर असले तरी धर्मग्राम घराच्या दाराशी असतो तो असा.

---

गाविलगड | ११ डिसेंबर, रात्री ९:२०

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक बाजू सुटते आहे असे मला वाटते आणि ती मांडणे आवश्यक आहे. मी मेळघाटच्या पायथ्याशी राहतो, निवृत्त शिक्षक आहे.

"इमारत हलली तरी गाव राहिले" हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण ज्या गावात ते चर्च प्रथम उभे राहिले त्या गावाचे आधी काय होते? बोरिवलीजवळचे मंडपेश्वर घ्या. ते प्राचीन शैव लेणे आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो यांनी त्या लेण्याचे चर्च केले आणि वर टेकडीवर मठ व शाळा बांधली. त्या मठाच्या भिंती आजही उभ्या आहेत. म्हणजे तेथील देव हलवला गेला, आणि त्याच्या मागून ट्रॉलीत तणीस अंथरून कोणी पायी गेले नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर लेणे पुन्हा शिवाचे झाले. आज लेण्यात पूजा चालते आणि जवळच कॅथलिकांचा धर्मग्रामही नांदतो आहे.

त्याच मोहिमेत उलट दिशेनेही घडले. वसईच्या चर्चांतील घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटा आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा या त्यांपैकीच. मेणवलीच्या घंटेवर माता मरिया आणि बाळ येशू यांची आकृती आहे, मी ती स्वतः पाहिली आहे. शेकडो वर्षे ती शंकराच्या देवळासमोर वाजते आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की चर्चांचा इतिहास लिहिताना पोर्तुगीज सत्तेखालील सक्ती आणि तिच्यानंतर आलेला पराभव हे दोन्ही लिहिले पाहिजे. फक्त सातत्य लिहिले तर अर्धे चित्र राहते.

---

वसईची_लेक | ११ डिसेंबर, रात्री १०:०५

गुरुजी, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि ते दुखावणारे मुळीच नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनीही हे लपवले नाही. माझी आजी सांगायची की आपण आधी इथल्याच देवांचे होतो. पोर्तुगीज गेल्यानंतर त्यांचे बडे लोक जहाजांतून गोव्याला निघून गेले; कोळी आणि शेतकरी कोठे जाणार? ते राहिले, आणि ज्या धर्मात त्यांच्या आई-बापांना पुरले होते तो त्यांनी धरून ठेवला. राजा पाठीशी नसतानाच्या त्या काळात हा धर्म खऱ्या अर्थाने त्यांचा झाला असे मला वाटते. १७७४ पर्यंत चाललेल्या मराठी अमलात साष्टीतील, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या बेटावरील, अनेक चर्चे ओस पडली, तरी वस्ती टिकली. वांद्र्याच्या डोंगरावरील मरियेचे प्रार्थनास्थळ त्या धामधुमीत उद्ध्वस्त झाले आणि १७६१ मध्ये, मराठी अंमल चालू असतानाच, पुन्हा बांधले गेले. आजची तेथील वास्तू १९०४ ची आहे, आणि सप्टेंबरातील जत्रेत सर्व धर्मांची माणसे मेणबत्त्या घेऊन जातात. वसई-साष्टीच्या या साऱ्या भूमीवर कोणाच्या ना कोणाच्या देवाची जागा हललेली आहे, आणि तरी माणसे एकमेकांच्या जत्रेला जातात.

---

वैनगंगाकाठ | १२ डिसेंबर, सकाळी ६:४५

गाविलगड गुरुजी, तुमची दुरुस्ती मी मनापासून स्वीकारतो. माझ्या डोळ्यांसमोर फक्त स्वतः उचलून नेलेला देव होता. दुसऱ्याने काढून टाकलेला देव मी विचारात घेतलाच नव्हता. धाग्याच्या शीर्षकातील "गाव कसे राहिले" या प्रश्नासोबत "कोणाचे गाव" हा प्रश्नही यायला हवा होता.

कामठीकर भाऊ, एक विनंती. आपल्या विदर्भातील कॅथलिक धर्मग्राम असेच गावांतून वाढले का, हे सांगावे.

---

कामठीकर | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

नाही, आणि फरक मुळातच आहे. मुंबईत गाव आधी आणि शहर नंतर. धर्मग्राम गावाबरोबर शहरात ओढला गेला. आपल्याकडे छावणी, रेल्वे आणि शाळा यांच्या मागून धर्मग्राम आले.

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी कामठीची छावणी वसवली, १८२१ मध्ये. येथे मद्रास सैन्याच्या पलटणी असत, त्यामुळे आयरिश गोऱ्या शिपायांसोबत तमिळ कॅथलिक कुटुंबेही आली. आमच्या कामठीच्या जुन्या दफनभूमीत तमिळ अक्षरांतील दगड आहेत. लहानपणी आम्ही त्या अक्षरांवरून बोट फिरवत असू, वाचता एकही येत नसे. धर्मगुरूही मुंबईहून आले नाहीत. फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातील ॲनसी या गावच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी १८४० च्या दशकात विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून नागपूर-कामठीकडे आले. आपले धार्मिक मुख्यालय म्हणूनच दीर्घकाळ पूर्व किनाऱ्यावर होते. पाद्रोआदोचा तंटा आपल्यापर्यंत पोहोचला नाही, याचे कारण हेच.

१८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला आली आणि गोव्याचे, मंगळूरचे, अँग्लो-इंडियन असे कर्मचारी बडनेरा-नागपूर पट्ट्यात स्थायिक झाले. नागपुरात त्याच संघाची मुलांची शाळा १८७० मध्ये सुरू झाली. १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ चा.

---

गाविलगड | १३ डिसेंबर, सकाळी ८:१५

याला एक अपवाद माझ्या शेजारी आहे. चिखलदऱ्याजवळ मरियमपूर हे गाव आहे, ते मिशनमुळेच वसले. तेथे छावणी नव्हती, रेल्वे नव्हती. कोरकू वस्तीत मिशनऱ्यांनी काम केले आणि त्याभोवती गाव झाले. मुंबईत गावाला चर्च मिळाले, मरियमपुरात चर्चला गाव मिळाले.

---

चांदागड | १३ डिसेंबर, सकाळी ९:००

आमच्या चंद्रपूरकडे आणखी वेगळे आहे. १९६२ मध्ये चांदा मिशन केरळच्या सिरो-मलबार परंपरेकडे सोपवले गेले. केरळबाहेर त्या परंपरेने घेतलेल्या पहिल्या कार्यक्षेत्रांपैकी ते एक. पुढे १९७७ मध्ये धर्मप्रांत झाला, त्याचे मुख्यालय बल्लारपूरला आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातील सिस्टर मल्याळी आहेत आणि चाळीस वर्षांत इतके शुद्ध झाडीबोलीत बोलू लागल्या आहेत की परगावच्या पेशंटला त्या येथल्याच वाटतात. नागपूरची उपासना रोमन पद्धतीची आणि आमची सिरो-मलबार, हे दोन्ही कॅथलिकच आहेत हे मला या धाग्यामुळे नीट उमगले.

---

वैनगंगाकाठ | १३ डिसेंबर, रात्री ८:२०

सर्वांचे आभार. वसईच्या ताई, मरोळच्या त्या मे महिन्यातील मिस्सेला अन्य धर्माच्या माणसाने आलेले चालते का? मला ते पिंपळाचे मूळ आणि त्या भिंती पाहायच्या आहेत. शक्य झाले तर आमच्या गावच्या त्या बाईलाही न्यायचे आहे, जिने शेंदराचे तुकडे पदरात बांधले होते. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण चालते-फिरते.

---

वसईची_लेक | १३ डिसेंबर, रात्री ९:१०

दादा, अवश्य या. कोणी अडवत नाही. अंधेरीला उतरून सीप्झला यावे. त्या दिवशी गर्दी असते, मरोळच्या माणसांच्या मागोमाग चालले की झाले. आजींसाठी बसायला चटई आणि डोक्यावर घ्यायला पंचा आणावा, कारण आत छप्पर नाही आणि मे महिन्याचे ऊन असते. तारीख त्या वर्षीची पाहून मी येथेच लिहीन. मरोळला माझी मामेबहीण आहे, तिच्या घरी जेवण होईल.

---

वैनगंगाकाठ | १३ डिसेंबर, रात्री ९:२५

यंदा उन्हाळी धान लावलेले नाही, त्यामुळे मे महिन्यात मोकळीक आहे. आजींना आत्ताच विचारून आलो. त्या म्हणाल्या, "देव कुठून कुठे गेला ते सांगा, मग येतो." उद्या दुपारी त्यांच्याकडे बसून मरोळची सारी हकीकत सांगणार आहे.